साऱ्या खोलीचं एकच उत्तर

तुमच्या मुलानं दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात जे लिहिलं, त्यातलं त्याचं स्वतःचं किती होतं, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? मार्क किती पडले ते विचारलं असेल. पेढेही वाटले असतील. मी विचारतोय ते वेगळं आहे. मी कुणी शिक्षणाधिकारी नाही. गेवराईत एका खाजगी क्लासमध्ये मी काही वर्षं इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. आता शिकवत नाही. का शिकवत नाही ते सांगायला या अंकातली चार पानं मागून घेतली आहेत.

आधी घराबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. शाळेतून आलो की मी पत्रकांच्या घड्या घालायला बसायचो. त्या पत्रकांत ओळीओळीला उद्गारचिन्ह असायचं. वाचायला लागायच्या आधी मला ते चिन्ह ओळखता येत होतं. वडिलांचा एकच नियम होता. ज्याच्या खाली नाव नाही ते पत्रक आमच्या घरातून बाहेर जायचं नाही. ते म्हणायचे, "खाली नाव नसंल तर ती चिठ्ठी असती. पत्रक न्हाई." मोठा झाल्यावर मला पोट भरायला जे काम मिळालं तेही उद्गारचिन्हाचंच निघालं, आणि ते गेलं तेही एका चिठ्ठीमुळं.

काम असं होतं. दहावीच्या पेपरात एक साधं वाक्य देतात आणि त्याचं उद्गारार्थी करायला सांगतात. मार्क फार नसतात, पण नापास व्हायच्या काठावर उभ्या असलेल्या पोराला तेवढेही पुरतात. म्हणून आमच्या क्लासमध्ये या प्रश्नाला मोठा मान. पोरांना तो आवडायचाही, कारण त्यात अर्थ कळायची गरज नाही असं त्यांना वाटायचं. 'व्हेरी' काढा, पुढं 'व्हॉट अ' लावा, शेवटी चिन्ह ठोका. दिवस सुंदर असेल तर 'व्हॉट अ ब्यूटिफुल डे'. माणूस शूर असेल तर 'व्हॉट अ ब्रेव्ह मॅन'. साठ पोरं एका सुरात म्हणायला लागली की वरचे पत्रे थरथरायचे आणि क्लासच्या मालकांना, म्हणजे आमच्या नानांना, फी वसूल झाल्यासारखं वाटायचं.

खड्डा पुढं आहे. तो 'अ' म्हणजे 'एक'. जी गोष्ट एक, दोन, तीन अशी मोजता येते तिलाच तो लागतो. हवामान मोजता येत नाही, नशीब मोजता येत नाही, मजा मोजता येत नाही, तिथं नुसतं 'व्हॉट' म्हणायचं आणि पुढं जायचं. इथवर पोरं मान डोलावतात. मग येते बातमी. आपल्याकडं बातमी मोजतात. सकाळपासून दोन वाईट बातम्या आल्या असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र 'न्यूज' ही धान्यासारखी ढिगानं असते, तिच्यातली एक वेगळी काढून तिला 'अ' लावता येत नाही. 'व्हॉट बॅड न्यूज' म्हणायचं. हे मी दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी बहुतेक सगळे 'व्हॉट अ बॅड न्यूज' लिहायचे. मला त्यांचा राग यायचा नाही. आपल्या भाषेनं दिलेली सवय आहे ती. शिकवणं म्हणजे असल्या सवयीशी रोज सकाळी कुस्ती धरायची आणि बहुतेक वेळा हरायचं.

ही चूक पोरांचीच असते असंही नाही. तलवाड्याच्या रस्त्यावरच्या एका गावचे दिगंबरराव एकदा क्लासवर आले होते. माजी सरपंच, जमीन भरपूर, मुलगा ओमकार माझ्याच वर्गात. त्यांचा एक दूरचा भाऊ वारला होता, आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर वरच्या बाजूला एक ओळ इंग्रजीत पाहिजे होती. छापायच्या आधी मला दाखवायला आणली. ओळ होती, 'व्हॉट अ सॅड न्यूज'. मी म्हणालो, यातला 'अ' काढा. त्यांनी फ्लेक्सचा नमुना लांब धरून डोळे बारीक करून पाहिलं.

"कावून?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. काढला तर मधी मोकळं दिसतंय."

फ्लेक्स तसाच लागला. महिनाभर चौकात होता. खाली शोकाकुल म्हणून तीस-पस्तीस चेहरे होते आणि त्यांतले बरेच हसत होते. क्लासला येता-जाता माझी पोरं त्या ओळीखालून जायची. माझ्या फळ्यापेक्षा त्यांचा त्या फ्लेक्सवर जास्त विश्वास बसला असेल तर मी त्यांना दोष देत नाही.

याच वर्गात काजल होती. दिगंबररावांच्याच गावच्या माळावर तिची वस्ती. वडील सोपानमामा मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांचा कळप गोदावरीच्या काठानं बाहेर पडायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. काजलची शाळा दरवर्षी अशी मधूनच तुटायची. दहावीच्या वर्षी मात्र ती अडून बसली आणि आजीपाशी वस्तीवर राहिली. सोपानमामांनी तिला एक शब्द दिला होता, तो त्यांनी माझ्यासमोर पुन्हा बोलून दाखवला. पास झाली तर गेवराईला वसतिगृहात ठेवीन, बारावीपर्यंत बोलणार नाही. नाही झाली तर दिवाळीनंतर मेंढरांमागं यायचं, आणि मग जे व्हायचं ते होईल. जे व्हायचं ते म्हणजे लग्न, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी तो शब्द काढला नाही.

मोजायच्या आणि न मोजायच्या गोष्टी तिला एका दिवसात कळल्या. मी फळ्यावर दोन रकाने करून शब्द लिहीत होतो. ती मागच्या बाकावरून म्हणाली, सर, मेंढरं मोजून आत घ्यायची, लोकर मोजायची न्हाई, तसंच ना? मी म्हणालो, तसंच. मग 'न्यूज' कुठं घालायची, मी विचारलं. "लोकरीत," म्हणाली. पोरं हसली. त्यानंतर वर्गात तो रकाना 'लोकरीचा' झाला, आणि मीही तसंच म्हणायला लागलो.

फेब्रुवारीत नानांनी मला बाजूला घेतलं. नाना वाईट माणूस नाही. पोरांची फी थांबली तर वर्गाबाहेर काढत नाहीत. पण क्लासचा धंदा निकालावर चालतो आणि निकालाचा धंदा खिडकीवर. पद्धत अशी की पेपर सुरू झाला की थोड्याच वेळात त्याचा फोटो बाहेर येतो. बाहेर कुणीतरी तो भराभर सोडवतं. समोरच्या झेरॉक्सवर त्याच्या चिठ्ठ्या निघतात आणि त्या आत जातात. खिडक्यांना दरवर्षी फेब्रुवारीत नवी जाळी बसवतात आणि दुसऱ्या पेपरापर्यंत तिला मूठ जाईल एवढं भोक पडलेलं असतं. बंदोबस्ताचा पोलीस लिंबाखाली चहा पितो. लेकरांचं कल्याण होत असेल तर त्यात आडवं कोण येणार, असं सगळ्यांचंच मत असतं. बाप, चुलते, मामे, सगळे भिंतीवर चढलेले असतात. एरवी पोराच्या वहीकडं न बघणारा बापही त्या दिवशी मात्र खिडकीशी घाम गाळतो.

नानांचं म्हणणं होतं की या वर्षी इंग्रजीचा पेपर मी सोडवून द्यावा. मी नाही म्हणालो.

"मंग कोन सोडवंल ओ?" नाना वैतागले. "पोरं तुमची हायती का न्हाईत?"

मी म्हणालो, पोरं माझी आहेत म्हणूनच. त्यावर ते म्हणाले की तुमच्या वडलांनी तुम्हाला पत्रकांवर वाढवलं, भाकरीवर वाढवायला पाहिजे होतं. वाक्य चांगलं होतं. मला अजून आठवतं.

पेपर मग झेरॉक्सवाल्याच्या भाच्यानं सोडवला. तो कॉमर्सचा पदवीधर. बाकी त्यानं बरं सोडवलं असणार, पण उद्गारार्थी वाक्य त्याच्या वाट्याला 'न्यूज'चंच आलं, आणि त्यानं तेच लिहिलं जे चौकातल्या फ्लेक्सवर होतं. निबंधातही त्यानं आपल्या मनानं एक गोष्ट रचली होती, एका म्हाताऱ्या माळ्याची. ती चिठ्ठी बाकाबाकावरून फिरली. साऱ्या खोलीनं तीच गोष्ट लिहिली, तोच माळी, तेच वाक्य, तोच 'अ'.

मी रस्त्याच्या पलीकडं उभा होतो, पेपर सुटल्यावर पोरं भेटतात म्हणून. काजल सगळ्यांत शेवटी आली. चिठ्ठी तिच्या बाकावरही आली होती, तिनं ती पुढं सरकवली होती. तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "सर, माझं एकटीचंच येगळं आलंय." मी तिला एकेक उत्तर विचारलं. सगळी बरोबर होती. मी तिला सांगितलं की वेगळं आलं म्हणजे चुकलं असं नसतं. सोपानमामा पेपरापुरता कळप सोडून तिला न्यायला आले होते. त्यांना यातलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून ते हसले.

जूनमध्ये निकाल लागला. त्या एका खोलीचा राखून ठेवला होता. इतक्या उत्तरपत्रिकांत तोच माळी आला तर तपासणाऱ्याला शंका येणारच. सगळ्या पोरांना बोर्डाच्या विभागीय कार्यालयात सुनावणीला बोलावलं. खोलीतली म्हणून काजललाही.

मग दिगंबररावांच्या गावात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक झाली. मलाही बोलावलं. मी खुशीत गेलो. वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल की झालं ते चुकलं. खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं, मधे दिगंबरराव, शेजारी नाना. सोपानमामा दाराजवळ उकिडवे बसले होते, काजल त्यांच्या मागं उभी.

दिगंबररावांनी शांतपणे मांडणी केली. त्यांचा आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले की सगळ्या पोरांचं सारखं आलं यात नवल काय? क्लास एक, सर एक. सरांनी जे शिकवलं ते पोरांनी लिहिलं. सरांनी निबंध पाठ करून घेतला होता. सरांनी ते वाक्य चुकीचं शिकवलं होतं. चूक शिकवणं हा काही गुन्हा नाही. तेवढं सरांनी एका कागदावर लिहून द्यायचं आणि खाली नाव घालायचं.

मी म्हणालो, मी असं शिकवलेलं नाही.

"आमाला म्हाईत हाय," दिगंबरराव म्हणाले. "आमच्या फ्लेक्सातला 'अ' तुमीच काढाया लावलता." हॉलमध्ये थोडी हसाहस झाली. मग ते पुढं झुकले. "सर, तुमी पेपर सोडवून दिला आसता तर ही चूक झालीच नसती. पोरं निवांत पास झाली आसती. म्हंजे बघा, चूक तुमचीच हाय."

खरं म्हणजे याचं उत्तर सोपं आहे, पण त्या हॉलमध्ये ते सोपं वाटत नव्हतं. समोर पालक बसलेले. त्यांच्या पोरांचं वर्ष माझ्या एका नावावर अडलेलं. मी म्हणालो की मी लिहून देणार नाही. आणि मला वाटलं माझ्याकडं एक पुरावा आहे, म्हणून मी तो तिथंच सांगितला. म्हणालो, मी चुकीचं शिकवलं असतं तर काजलचं बरोबर कसं आलं?

सगळे तिच्याकडं वळले. तोवर तिचा कुणाला विचार नव्हता. तिच्या उत्तरपत्रिकेचा विचार मी त्यांच्या डोक्यात घातला.

दिगंबररावांनीही तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. मंग कॉपी तिनंच केली आसंल. गाईड घेऊन गेलती. बाकीच्यांनी शिकवलं तसं लिव्हलं." आणि तेवढ्याच शांतपणे दाराकडं बघून त्यांनी विचारलं, "सोपान, यंदा निघायच्या आधी मेंढरं कुनाच्या रानात बसवनार?"

हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. मेंढपाळ आपला कळप रात्री एखाद्याच्या शेतात बसवतो. लेंड्यांचं खत त्या शेताला मिळतं, बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळतं. दोघांचीही गरज असते. पण जमीन एकाची असते आणि मेंढरं दुसऱ्याची, आणि मेंढरांना रात्री कुठंतरी बसावंच लागतं. त्या गावातली बरीच रानं हॉलमधल्या खुर्च्यांवर बसलेली होती.

सोपानमामांनी पटका काढला, झटकला, परत बांधला. त्यांच्या मागं काजल भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

सुनावणीच्या दिवशी मी माझ्या पैशानं तिकीट काढून गेलो. माझं म्हणणं सगळं खरं लिहून नेलं होतं, खाली नाव घालून. खिडकीवरच्या कारकुनानं त्यावर शिक्का मारून पोच दिली आणि सांगितलं की तुम्हाला बोलावलेलं नाही, बाहेर थांबा. मी बाकावर बसलो. आमच्या गावाकडून दोन जीपा आल्या होत्या. पोरं एकेक करून आत जात होती आणि लगेच बाहेर येत होती. सगळ्यांना एकच वाक्य दिलेलं होतं: सरांनी शिकवलं तसं लिहिलं. इथंही साऱ्या खोलीचं उत्तर एकच. नानांनी क्लासच्या लेटरहेडवर लिहून दिलं होतं की संबंधित शिक्षकाला कामावरून कमी केलं आहे. मला ते तिथंच कळलं, ओमकारकडून. तो आणखी काही बोलणार होता, पण त्याचे वडील पाण्याची बाटली घेऊन आले आणि तो उठून गेला.

काजल आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. आत एक मॅडम होत्या, मायेनं बोलत होत्या. त्यांनी तिची उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि विचारलं की तुझं एकटीचं बरोबर कसं आलं. ती म्हणाली, गाईडमधून कॉपी केली. मॅडमना पटलं नसावं. त्यांनी कोरा कागद पुढं केला, पेन दिलं, आणि म्हणाल्या की तेच वाक्य आता माझ्यासमोर करून दाखव. आलं तर मी तुझं ऐकणार नाही, कागदाचं ऐकेन.

तिनं पेन हातात घेतलं. बराच वेळ धरून बसली. मग खाली ठेवलं.

"यत न्हाई, मॅडम," म्हणाली.

बाहेर आली तेव्हा सोपानमामा जीपपाशी होते. ती माझ्या बाकापाशी क्षणभर थांबली. मी काही विचारायच्या आत हळू आवाजात, पाठ म्हणून दाखवावं तसं म्हणाली, "व्हॉट बॅड न्यूज इट वॉज. 'अ' न्हाई. लोकरीचा. बरोबर हाय ना, सर?"

मी हो म्हणालो. ती गेली.

तिचा निकाल रद्द झाला आणि पुढच्या परीक्षेलाही बसायची बंदी आली. बाकी खोलीचे निकाल सुटले. ओमकारला फर्स्ट क्लास मिळाला. चौकात नवा फ्लेक्स लागला, सगळ्या पास पोरांचे फोटो, मधे दिगंबरराव, वर इंग्रजीत 'व्हॉट अ सक्सेस'. यश ही खरं तर न मोजता येणारी गोष्ट, पण एखादं ठळक यश असेल तर इंग्रजी त्याला 'अ' लावू देते. म्हणजे या वेळी फ्लेक्सवर भाषेची एकही चूक नव्हती. मी त्याखाली उभा राहून दोनदा तपासलं. तपासायची सवय जात नाही.

सुनावणीच्या दिवशी मी दिलेल्या अर्जाचं काही झालं नाही. एकट्याचा, तोही कामावरून काढलेल्या माणसाचा अर्ज. वडिलांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नाव घातलंस ते बरं केलंस. मी त्यांना विचारलं की माझ्या नावाला काय किंमत आली, भोगलं तर तिनं. ते पत्रकांच्या घड्या घालत बसले. हॉलमध्ये मी तिचं नाव घेतलं नसतं तर काय झालं असतं, हा हिशेब मी रोज करतो आणि तो लागत नाही. त्यांनी तिला तशीही सोडली नसती, असं मला सांगणारे भेटतात. ते कदाचित बरोबर असतील.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी असेल. सोपानमामांचा कळप निघायच्या तयारीत असेल. या वर्षी मागं वस्तीवर कुणी राहायचं नाही. वाटेत एका मुक्कामी मुलाकडचे बघायला येणार आहेत असं ऐकलं.

हा अंक आपल्या तालुक्यात घरोघरी जातो, म्हणून तो त्या खोलीतल्या पोरांच्या घरीही जाईल हे मला माहीत आहे. तुम्हाला माझी विनंती आहे. पुढच्या मार्चमध्ये भिंतीवर चढू नका, हे तर सगळ्यांनाच सांगणं आहे. पण तुमचं पोर त्या खोलीत होतं, तर त्या आधी एक काम करा. कळप नदी ओलांडून जायच्या आत एका कागदावर एवढंच लिहा की चिठ्ठी बाहेरून आली होती, काजलनं ती घेतली नव्हती, आणि तिनं लिहिलं ते तिचं स्वतःचं होतं. तो कागद बोर्डाकडं पाठवा. त्याच्या खाली तुमचं नाव घाला.